स्क्रिप्ट छापली, पण ती दुसऱ्यांदा चालेल का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वेब डेव्हलपरसाठी नवा संगणक तयार करण्याची एक स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) आणि 'नेहमी हाताशी असावेत' असे जावास्क्रिप्टचे काही तुकडे नुकतेच छापून आले. मराठी दैनिकात टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीला, अर्धे पान मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र ती स्क्रिप्ट छापली आहे तशी टंकली तर चालणार नाही. दुरुस्त करून चालवली तर पहिल्यांदा चालेल आणि दुसऱ्यांदा घोळ घालेल. जावास्क्रिप्टचे तुकडे इंग्रजी मजकुरावर उत्तम चालतील, मराठीवर मान टाकतील. बरेच विद्यार्थी हे सगळे जसेच्या तसे उतरवून घेतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत. आज्ञांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टंकायची.

आधी छपाईचे. आज्ञेच्या लांब पर्यायाआधी दोन हायफन लागतात. पानाची जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या दोन हायफनची एक लांब रेघ करून टाकली आहे आणि सरळ अवतरणचिन्हे वळवली आहेत. वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, यंत्राला जाणवतो. लांब रेघेने सुरू होणारा शब्द हा पर्याय नव्हेच, तो फाइलचे किंवा पॅकेजचे नाव समजला जातो. मग 'असे पॅकेज सापडले नाही' अशी तक्रार येते आणि नवखा माणूस वायफाय तपासत बसतो. वळलेली अवतरणचिन्हे बॅशच्या, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी साधी अक्षरे आहेत. त्यामुळे दोन शब्दी नावाचे एक फोल्डर होण्याऐवजी दोन होतात आणि त्यांच्या नावांना ती चिन्हे चिकटून बसतात. ई-पेपरवरून कॉपी केले तर न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे युनिकोड ००ए०, हा आणखी एक पाहुणा सोबत येतो. दिसायला ती स्पेससारखीच. पण बॅश तिला शब्दाचा भाग मानतो आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीवर 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो. लिनक्सवर कॅट -ए (ए कॅपिटल) लावून फाइल पाहिली की अशा जागी रोमन एम आणि हायफनने सुरू होणारी चिन्हे उघडी पडतात. शेलचेक हे मोफत साधन तर ओळ क्रमांकासह सांगते. छापण्याआधी स्क्रिप्ट त्यातून एकदा फिरवली असती तर एवढा परिच्छेद वाचला असता.

आता मूळ मुद्दा. सेटअप स्क्रिप्ट एकदाच चालवायची असते, या समजुतीवर ती लिहिलेली दिसते. प्रत्यक्षात ती कधीच एकदा चालत नाही. मध्येच नेट जाते, डिस्क भरते, एखाद्या पॅकेजचे नाव बदललेले असते. मग दुरुस्ती करून तीच फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवावी लागते. सहा महिन्यांनी एखादे साधन वाढवायचे झाले तरी तेच. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही ओळ लागोपाठ दोनदा चालली तर काय होईल?

छापलेल्या स्क्रिप्टमध्ये पाथची ओळ (प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे ते सांगणारी) एकोने थेट बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी जोडली आहे. चारदा चालवा, चार ओळी. यात लगेच काही बिघडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पुढे नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती बदलली की जुना पत्ता आधी आणि नवा नंतर असे होते आणि 'नवे बसवले तरी जुनेच का चालते' हे कोडे पडते. त्याऐवजी आधी मजकूर शोधणाऱ्या ग्रेप -क्यूएक्सएफने ती ओळ शोधावी आणि सापडली नाही तरच जोडावी. यात क्यू म्हणजे गुपचूप, एक्स म्हणजे पूर्ण ओळ जुळली तरच, एफ म्हणजे शब्दशः. एक्स विसरलात तर कुणी पुढे हॅश टाकून बंद केलेली जुनी ओळही 'सापडली' असे धरले जाते आणि नवी जोडलीच जात नाही. एफ विसरलात तर पत्त्यातल्या टिंबाचा 'कोणतेही अक्षर' असा अर्थ लागतो.

फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिरला -पी लावले की आधीच असलेल्या फोल्डरवर तो अडत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. फाइल किंवा फोल्डरचा दुवा बनवणाऱ्या एलएनचे मात्र फसवे आहे. एलएन -एस दुसऱ्या वेळी 'फाइल आधीच आहे' म्हणून थांबतो, म्हणून लोक -एसएफ करतात. फाइलसाठी ते ठीक. पण दुवा एखाद्या फोल्डरचा असेल तर दुसऱ्या वेळी एलएन त्या दुव्यातून आत शिरतो आणि मूळ फोल्डरच्या पोटात आणखी एक दुवा करून ठेवतो. चूक दाखवत नाही, काही नाही. कॉन्फिग फोल्डरमध्ये त्याच नावाचा दुवा सापडला की कारण हेच. -एसएफएन लिहावे. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन; त्यातली प्रत आणणारा गिट क्लोनही रिकाम्या नसलेल्या फोल्डरवर थांबतो. म्हणून आत डॉट-गिट आहे का पाहावे, असेल तर पुल करावे (नवे बदल आणावे) आणि तेही फास्ट-फॉरवर्डपुरते, म्हणजे आपले वेगळे बदल नसतील तरच, नाही तर सेटअप स्क्रिप्टच्या मधोमध मर्जचा, दोन बदल जुळवण्याचा, तंटा उभा राहतो.

उबुंटू लिनक्सवर पॅकेजे बसवायला स्क्रिप्टमध्ये ॲप्ट न वापरता ॲप्ट-गेट वापरावे. ॲप्ट हे माणसाने समोर बसून वापरण्यासाठी आहे. स्क्रिप्टमधून चालवले की त्याचा इंटरफेस स्थिर नाही अशी ताकीद ते स्वतःच देते. -वाय दिले तरी काही पॅकेजे मध्येच प्रश्न विचारतात, टीझेडडेटा हे त्यातले नेहमीचे: खंड निवडा, शहर निवडा, आणि स्क्रिप्ट रात्रभर तिथेच. त्यासाठी डेबियन-फ्रंटएंडचे चल (व्हेरिएबल) नॉनइंटरॲक्टिव्ह ठेवायचे असते. लेखात ते वर एक्स्पोर्ट केले आहे आणि खाली सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे) लावले आहे. सुडो नेहमीच्या मांडणीत बाहेरची चले पुसून टाकतो, त्यामुळे ते आत पोहोचतच नाही. सुडोच्या नंतर, त्याच ओळीत लिहायचे.

डोक्यावरची 'सेट -ईयूओ पाइपफेल' ही ओळ लेखात आहे, पण मंत्रासारखी. ई म्हणजे आज्ञा फसली की थांब. यू म्हणजे न ठरवलेले चल वापरले की थांब. पाइपफेल म्हणजे नळीतली (उभ्या रेघेने एकापुढे एक जोडलेल्यांतली) कोणतीही आज्ञा फसली तर पूर्ण नळी फसली असे धर. ई सगळीकडे पहारा देत नाही: इफच्या अटीत, किंवा दुहेरी अँपरसँड आणि दुहेरी उभ्या रेघेच्या डाव्या बाजूला आज्ञा फसली तर ती सोडून दिली जाते. फंक्शनमध्ये 'लोकल' आणि आज्ञेचे उत्तर एकाच ओळीत घेतले तरीही. कारण मग निकाल लोकलचा धरला जातो आणि लोकल कधी फसत नाही. दोन ओळी कराव्या: आधी लोकलने चल जाहीर करा, मग त्यात उत्तर भरा.

रिकामे चल किती महागात पडते, याचे उदाहरण जगजाहीर आहे. २०१५च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमसेवेच्या स्क्रिप्टमधला दोष समोर आला. एका चलातला पत्ता आणि त्यापुढे तिरकी रेघ व तारा, एवढे सगळे पुसायचे अशी ती ओळ होती. काही परिस्थितीत चल रिकामे राहिले आणि उरली फक्त तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळे. वापरकर्त्याला पुसण्याचा अधिकार असलेल्या फायली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. रिकामे ठरवलेले चल यूला चालते, त्यामुळे तोही इथे पुरेसा नाही. पुसण्याच्या ओळीत चलाच्या नावापुढे महिरपी कंसातच अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे कोलन-क्वेश्चन, घालावे. मग चल रिकामे असले तरी बॅश तिथेच थांबतो. आणि प्रत्येक चल सरळ दुहेरी अवतरणात. विंडोजवर आडनावासकट, मध्ये स्पेस असलेले वापरकर्तानाव आपल्याकडे सर्रास असते. अवतरण नसले की पत्त्याचे दोन तुकडे झालेच.

'कर्लने (नेटवरून फाइल उतरवणाऱ्या आज्ञेने) आणा आणि थेट बॅशमध्ये ओता' ही पद्धत लेखात चौकट करून दिली आहे. ती चौकट काढायला हवी होती. कर्लला -एफ नसेल आणि पत्ता चुकला असेल, तर ४०४चे एचटीएमएल पान बॅशला मिळते आणि तो कोनी कंसावर अडखळतो. हा झाला बरा प्रकार. वाईट प्रकार असा की बॅश येणारी ओळ येईल तशी चालवत जातो. नेट मधेच तुटले तर अर्धी ओळ चालते, आणि ती अर्धी ओळ पुसण्याची असू शकते. समजूतदार लेखक म्हणून सगळे एका फंक्शनमध्ये ठेवतात आणि शेवटच्या ओळीत त्याला हाक मारतात. सर्वांत वाईट प्रकार २०२१मध्ये घडला. कोडकव्ह या सेवेची बॅश अपलोडर स्क्रिप्ट हल्लेखोरांनी जानेवारीअखेर बदलली आणि एप्रिलपर्यंत ती लोकांच्या बिल्ड यंत्रणांतली (कोडपासून तयार प्रोग्रॅम बनवणाऱ्या) चले, म्हणजे परवलीचे शब्द आणि टोकन, बाहेर पाठवत राहिली. कळले कसे? एका ग्राहकाने उतरवलेल्या फाइलचे चेकसम (तिच्या मजकुरावरून काढलेली तपासणीची खूण) जाहीर केलेल्या चेकसमशी ताडून पाहिले, ते जुळेना. बाकीचे थेट ओतत होते. कर्ल -एफएसएसएल करून फाइलमध्ये उतरवा, लेसने वाचा, शा२५६समने ताडा, मग चालवा. दोन मिनिटे जास्त लागतात.

नोडसाठी एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) सुचवले आहे, ते योग्यच. पण एनव्हीएम हा प्रोग्रॅम नाही, शेल फंक्शन आहे. बॅशआरसीमध्ये ते लोड होते, आणि स्क्रिप्ट चालते तेव्हा बॅशआरसी वाचली जात नाही. म्हणून हाताने टंकले की चालते आणि स्क्रिप्टमध्ये 'सापडले नाही' म्हणते. स्क्रिप्टमध्ये एनव्हीएमची फाइल आधी सोर्स करावी, म्हणजे त्याच शेलमध्ये वाचून घ्यावी, लागते. प्रोजेक्टच्या मुळाशी एनव्हीएमआरसी फाइल ठेवून त्यात आवृत्ती लिहावी, सम क्रमांकाची, कारण दीर्घ मुदतीचा आधार आतापर्यंत त्यांनाच मिळत आला आहे. पॅकेजे एनपीएम (नोडची पॅकेजे आणणारे साधन) इन्स्टॉलने नव्हे, एनपीएम सीआयने आणावी: नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइलमध्ये जे आहे नेमके तेच येते, आणि पॅकेज फाइल व लॉक फाइल यांचे जुळत नसेल तर ते तिथेच थांबते. २०१६मध्ये अकरा ओळींचे लेफ्ट-पॅड हे पॅकेज लेखकाने मागे घेतले आणि जगभरची बिल्ड कोसळली. सप्टेंबर २०२५मध्ये चॉक, डिबग यांसारख्या रोजच्या पॅकेजांच्या देखरेखकर्त्याला फसवून विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या गेल्या. त्या काही तासांत ज्यांनी नव्याने 'जे ताजे ते' आणले तेच धोक्यात आले.

विंडोजवाल्यांसाठी लेखात अवघी एक ओळ आहे, आणि आपल्याकडचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी विंडोजवरच असणार. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवणे एका आज्ञेचे काम आहे. चुका नंतर होतात. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून उघडला की दोन गोष्टी घडतात. हजारो बारक्या फायलींचे नोड मॉड्युल्स फोल्डर दोन फाइल-यंत्रणांच्या सीमेपलीकडून वाचावे लागते, म्हणून सगळे रांगत चालते. शिवाय फाइल बदलल्याची खबर डब्ल्यूएसएल २मध्ये सीमेपलीकडून येत नाही, त्यामुळे सेव्ह केल्यावर ब्राउझर आपोआप ताजा होत नाही. लोक मग व्हीट किंवा वेबपॅक या बिल्ड साधनांना दोष देतात. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही तक्रारी संपतात. दुसरे, विंडोजवरचा गिट ओळीच्या शेवटी सीआर हे अदृश्य चिन्ह जोडून देऊ शकतो. मग शेल फाइल 'बॅड इंटरप्रिटर' म्हणते आणि शेवटी टोपीसारखे चिन्ह व एम दाखवते. गिटॲट्रिब्युट्स फाइलमध्ये डॉट-एसएच फायलींना ईओएल एलएफ (ओळीच्या शेवटी फक्त एलएफ हे चिन्ह) ठरवून द्यावे, म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावरच्या सेटिंगवर विसंबायला नको.

मॅकचे थोडक्यात: सोबत येणारा बॅश ३.२ आहे, परवान्याच्या कारणाने ॲपलने तो तिथेच ठेवला. त्यामुळे बॅश ४मधले नावांच्या किल्ल्यांचे ॲरे तिथे चालत नाहीत. फाइलमध्ये जागच्या जागी बदल करणाऱ्या सेड -आयला मॅकवर बॅकअपचे शेपूट द्यावेच लागते, रिकामे का होईना. लिनक्सवर तेच वेगळे लिहिले की चूक. होमब्रू (मॅकवर साधने बसवणारा प्रोग्रॅम) इंटेल मॅकवर यूएसआर-लोकलमध्ये आणि ॲपल सिलिकॉनवर ऑप्ट-होमब्रूमध्ये बसतो, तेव्हा पत्ता गृहीत धरू नये, ब्रू प्रीफिक्सला विचारावा. आणि मॅक व विंडोजवर फाइलनावात लहान-मोठे अक्षर सारखेच धरले जाते, लिनक्स सर्व्हरवर नाही. घरी चालणारे इम्पोर्ट सर्व्हरवर 'मॉड्युल सापडले नाही' म्हणून मरते ते बहुधा यामुळेच.

परवलीच्या शब्दांबद्दल लेख गप्प आहे. ते शब्द असलेली एनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत), आणि रिकाम्या किमतींचा नमुना रिपॉझिटरीत. किल्ली एकदा सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली की फाइल पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. किल्लीच बदलावी लागते.

आता मराठीकडे. मराठी पुरवणीतल्या लेखात यातले काहीच नव्हते, म्हणून इथे थोडी जास्त जागा मागतो.

सेटअप स्क्रिप्टमध्ये गिटचे कोअर.कोटपाथ फॉल्स करणारी ओळ हवी. ती नसेल तर देवनागरी नावाची फाइल गिट स्टेटसमध्ये आकड्यांत दिसते: 'म'ऐवजी उलटी तिरकी रेघ ३४०, मग २४४, मग २५६. फाइल बिघडलेली नसते, गिट बाइट अष्टमानात दाखवत असतो. सर्व्हरवर किंवा डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) सडपातळ प्रतिमेत क्रोमकडून पावत्यांचे पीडीएफ काढायचे असतील तर फॉन्ट्स-नोटो-कोअर हे पॅकेज बसवा, एफसी-कॅश चालवा आणि एफसी-लिस्टला मराठीचे फॉन्ट विचारा. यादी रिकामी आली तर पीडीएफमध्ये ग्राहकाच्या नावाऐवजी चौकोन छापले जाणार, हे नक्की.

जावास्क्रिप्टच्या तुकड्यांत बातमीच्या शीर्षकापासून वेबपत्ता बनवणारा तुकडा दिला आहे. त्यात 'उलटी रेघ डब्ल्यू' वापरले आहे. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेघ, एवढाच. 'पाणीपट्टी वाढणार' हे शीर्षक त्यातून गेले की उरतो एक हायफन, आणि दुसरी कोणतीही मराठी बातमी गेली तरी तोच हायफन. कुणी म्हणेल, युनिकोडचा 'पी-एल' वर्ग वापरा. तो फक्त अक्षरे घेतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे 'एम' वर्गात येतात. नुसत्या एलने 'पाणी'चे 'प-ण-' होते, आणि फॉर्ममधली नावाची तपासणी 'सुनीता'ला अवैध ठरवते. एल, एम, एन तिन्ही वर्ग आणि शेवटी यू हा ध्वज, असे लिहावे. वेबपत्त्याच्या लांबीचा अंदाजही आधी घ्यावा: 'महाराष्ट्र' हा शब्द मेमरीत दहा एकके, यूटीएफ-८मध्ये तीस बाइट आणि टक्केवारी चिन्हांच्या रूपात पत्त्यामध्ये नव्वद अक्षरे होतो.

याच शब्दाची लांबी लेंथने विचारली तर दहा येते. वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरे चार: म, हा, रा, ष्ट्र. स्लाइसने सारांश कापणारा लेखातला तुकडा ष्-वर कापू शकतो आणि शीर्षकाच्या शेवटी लोंबता हलन्त राहतो. जावास्क्रिप्टमधल्या इंटल या भाषाविषयक सोयीच्या सेग्मेंटरला मराठी आणि ग्राफीम (वाचकाला दिसणारे अक्षर) सांगून तुकडे करावे. जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडच्या मुख्य तपशिलात २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला, म्हणून जुन्या इंजिनात चारऐवजी सहा तुकडे पडू शकतात. दोन्ही ठिकाणी तपासावे. केवळ दिसण्यासाठी कापायचे असेल तर हे सगळे सोडा आणि सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर काम भागवा. तिथेच असताना मराठी मजकुरावरचे लेटर-स्पेसिंग काढून टाका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंचीही इंग्रजीपेक्षा जास्त द्या, १.६च्या आसपास, म्हणजे रफार आणि उकार कापले जात नाहीत.

सर्वांत चिवट प्रकार शोधाचा. 'दुसऱ्या' हा शब्द टंकण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकात ऱ (०९३१) आणि हलन्त; दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे, आणि युनिकोडची रूपे एकसारखी करणारा नॉर्मलाइझ एनएफसी हे दोन एक करत नाही. तो फक्त र आणि नुक्ता यांचा ऱ करतो. म्हणून कळफलक बदलला की वाचकाला बातमी सापडत नाही. त्यावर काही जण शोधाआधी सगळे अदृश्य जोडक पुसून टाकतात. मग र आणि य यांच्यावर रफार चढतो आणि आचाऱ्यांना दिलेला पगार आचार्यांना जातो. क्रम महत्त्वाचा: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ऱ-हलन्त, आणि त्यानंतर उरलेले जोडक पुसायचे. 'ॲप'मधल्या ॲचेही तसेच. एकच अक्षर ०९७२, किंवा अ आणि वर चंद्र, किंवा हिंदी कळफलकातून आलेला ऍ (०९०डी). ०९७२ हे युनिकोडमध्ये २००८ला आले, त्याआधीचा मजकूर साहजिकच दुसऱ्या रूपांत आहे. एनएफसी यालाही हात लावत नाही, बदल हाताने लिहावा लागतो. हा बदल शोधाच्या सूचीत आणि शोधशब्दात, दोन्हीकडे हवा. एकाच बाजूला केला तर आधी जे सापडत होते तेही सापडणार नाही.

आकड्यांचे सोपे आहे. इंटलच्या नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन दिले की १२,३४,५६७ असे लाख-कोटींत आणि देवनागरीत मिळते. रोमन आकडे हवे असतील तर पुढे यू-एनयू-लॅटन जोडावे. उलटी वाट मात्र बंद आहे. मराठी कळफलकावरून आलेला '१२३' नंबरला दिला तर उत्तर नॅन (म्हणजे 'आकडा नव्हे'), आणि 'उलटी रेघ डी' त्याला आकडा मानत नाही. पायथनमध्ये हेच दोन्ही चालते, त्यामुळे सर्व्हरवर पास आणि ब्राउझरमध्ये नापास असा प्रकार होतो. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत आधी ०९६६ वजा करून देवनागरी आकडे रोमन करून घ्या आणि मगच तपासा. चौकटीत एंटर दाबला की फॉर्म पाठवणाऱ्या तुकड्यात इझकम्पोझिंग (शब्दाची जुळणी अजून चालू आहे का ते सांगणारे) पाहा, नाही तर उच्चारानुसार टंकणाऱ्याने सुचवलेला शब्द निवडायला एंटर दाबला की अर्धवट फॉर्म जातो. सफारीत ते वेळेवर खरे येत नाही, तिथे कीकोड २२९ पाहावा लागतो.

तारखेचा तुकडा आयएसओ स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरे घेतो. ती तारीख ग्रीनिचची. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालची दाखवते, आणि दिवसा तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. उलट, नुसती '२०२५-०३-३०' अशी तारीख डेटला दिली तर तीही ग्रीनिचची मध्यरात्र धरली जाते. इथे पाडवा बरोबर दिसतो, न्यू जर्सीतल्या वाचकाला २९ मार्चला. डेटटाइमफॉरमॅटला एशिया/कोलकाता सांगून फॉरमॅट-टू-पार्ट्सने वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे घ्यावे. कॅनडाची मांडणी मागून वर्ष आधी मिळवण्याची युक्ती प्रचलित आहे, पण कोणत्याही देशाची मांडणी पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, तिच्यावर विसंबू नये.

शेवटी सीएसव्ही. एक्सेलमध्ये थेट उघडणार असेल तर सुरुवातीला युनिकोड एफईएफएफ हे अदृश्य चिन्ह जोडा, नाही तर मराठी नावांच्या जागी परकी लॅटिन अक्षरे येतात. तेच चिन्ह शेल फाइलच्या किंवा जेसनच्या डोक्यावर मात्र चालत नाही. पहिलीच ओळ फसते.

आमची विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या अंकात वरील दुरुस्त्या छापाव्यात, 'थेट ओता' ही चौकट मागे घेऊन. आणि अशी स्क्रिप्ट यापुढे कागदावर न छापता साध्या मजकुराची फाइल म्हणून आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, अंकात फक्त पत्ता आणि तिचे शा२५६ चेकसम द्यावे. चौसष्ट चिन्हांची ती ओळ जुळणीत तोडू नये आणि तिच्यात हायफन घालू नये.

आपले,
पुण्यातील तीन वेब डेव्हलपर
(कृपया नावे प्रसिद्ध करू नयेत.)